हातात काय येतंय

क्रांती ओरडली नसती तर समाधानने तो पेला आणखी किती वेळ धरून ठेवला असता कोण जाणे. गार झालेला चहा गरम करायला वेगळं भांडं कोण घासणार, म्हणून रोशनीने पेलाच सरळ गॅसवर ठेवला होता. सांडशीने उचलून त्याच्यासमोर ठेवताना "लगेच हात लावू नका हं" असंही ती म्हणाली होती. पण त्याचं सगळं लक्ष फोनमध्ये. त्याने पेला उचलला, उजव्या मुठीत नीट बसवला आणि श्रीपाद सरांचा मेसेज पुन्हा वाचला: आज जेवणाआधी गुण, आज इंजिन ठरवून टाकू. "बाबा! छोडो ना! गरम आहे तो!" लेकीचा आवाज असा चिरकला की त्याने दचकून पेला टेबलावर आदळला. चहा उडून तिच्या बाहीवर पडला आणि ती पुन्हा ओरडली. त्याने तळवा उघडून पाहिला. बोटांच्या मुळाशी लालभडक पट्टा उमटला होता, बघता बघता तो पांढरट होऊ लागला. दुखत मात्र नव्हतं. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्याला दाखवायला आणलाय असं त्याला वाटलं. "मी सांगितलं होतं ना? ऐकतं कोण!" रोशनी नळ सोडत म्हणाली. "थंडीने बधिर झालेत यार हात," तो म्हणाला, "खाली गाडीची काच पुसत होतो ना आत्ता." तो अजून खाली गेलाच नव्हता. पायात घरातलीच चप्पल होती. ती रोशनीने पाहिली, त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचा हात नळाखाली ओढला. सरकारी नोकरीत बावीस वर्षं काढलेल्या बाईला कुठली फाइल आज उघडायची आणि कुठली उद्या, हे बरोबर कळतं.

समाधान रामटेके हातांवर जगत होता, आणि हे काही अलंकारिक बोलणं नव्हे. मानेसरच्या ज्या कंपनीत तो होता ती एकच गाडी बनवत असे. दोन माणसांची, बुटकी, छप्पर मागे टाकता येणारी, आणि हलकी. इतकी हलकी की एखाद्या धष्टपुष्ट एसयूव्हीच्या वजनात अशा दोन बसाव्यात. घेणारे थोडे, पण जे घेत ते वेडे. गाडीतलं सगळं मोजायला यंत्रं होती, मोजणारी मुलं होती, पडद्यांवर रंगीत रेघा होत्या. पण वळणावर पुढच्या चाकांखालचा रस्ता कसा आहे, चाक धरून आहे की सुटायच्या बेतात आहे, ही बातमी स्टिअरिंगमधून चालवणाऱ्याच्या तळव्यात पोचते की नाही, हे शेवटी माणसानेच सांगावं लागतं. "हातात काय येतंय?" हा त्यांच्या टोळीतला रोजचा प्रश्न. त्याचं शेवटचं उत्तर समाधानचं. पहिल्या भेटीत त्याने नुसती एक फेरी मारून पुढच्या डाव्या चाकात हवा किंचित कमी आहे असं सांगितलं होतं, आणि ती खरंच कमी निघाली होती. तेव्हापासून त्याचे वरिष्ठ श्रीपाद सर पाहुण्यांना त्याची ओळख करून देताना त्याचा हात मनगटाला धरून वर करत, पैलवानाचा करतात तसा. त्याला संकोच वाटे. आवडेही, खोटं कशाला बोला. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात वाढलेल्या मुलाला कुणी गर्दीत हात धरून उंच केलेला कुठे असतो?

खाली धुकं होतं, नेहमीचं, धूर आणि थंडी यांचं कालवण. कंपनीची चालू मॉडेलची गाडी त्याला घरी न्यायला मिळे. क्वार्टरमधल्या पोरांनी तिच्या काचेवर बोटाने बदकं काढून ठेवली होती. तो आत बसला, हीटर पुरता सोडला, हात त्याच्यासमोर धरले. थंडीच आहे, दुसरं काय. राव तुलाराम फ्लायओव्हरवर चढताना त्याने स्टिअरिंग नेहमीसारखं हलकं धरलं, अंडं धरावं तसं, आणि रस्त्याकडून काही येतंय का याची वाट पाहत राहिला. फ्लायओव्हरचे सांधे गेले. ते पाठीला कळले, कानाला कळले. हातांना? सांधे येतात हे ठाऊक असल्यामुळे हातांनाही कळल्यासारखं वाटलं. इथेच तर घोळ होता. आठ वर्षं रोजचा रस्ता, त्यातलं खरं कळलेलं किती आणि आठवलेलं किती, हे कसं वेगळं करायचं? महिपालपूरच्या सिग्नलला त्याने डाव्या अंगठ्याचं नख उजव्या तळव्यात रुतवलं. काहीतरी कळलं; लांबून, जाड रजईवरून कुणी बोट ठेवावं तसं. मग उजव्याचं डाव्यात. डावा बरा होता. किंवा डावा बरा आहे असं त्याला हवं होतं. डोक्यावरून एक विमान इतक्या खालून गेलं की गाडीच्या काचा थरथरल्या, आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवू लागला. सिग्नल हिरवा झाला होता आणि दिल्लीचा हा सगळ्यात घाईचा चौक त्याने स्वतःच्या तळव्याकडे बघत अडवून धरला होता.

शुक्रवार. आता सगळं त्या शुक्रवारपाशी येऊन थांबत होतं. गाडीची नवी आवृत्ती यायची होती आणि प्रश्न इंजिनाचा होता. जुनं इंजिन लहान, तेराशे सीसीचं, टर्बो नसलेलं; सगळे त्याला धाकटं म्हणत. त्याला मारून मुटकून पळवता येत नसे. गिअर टाकत टाकत वर न्यावं लागे, आणि वर गेलं की ते असं गायचं की समाधानला रोज नव्याने हसू फुटे. नवं ते थोरलं. टर्बोवालं, तगडं, पाय ठेवला की पाठीत बुक्की. विक्रीवाल्यांना ते हवं होतं, कारण आकडे मोठे दिसतात. पण थोरल्याचं वजन सगळं नाकावर. नाक जड झालं म्हणून स्टिअरिंग जड झालं, स्टिअरिंग जड झालं म्हणून त्याला मदत करायला विजेची मोटर बसवावी लागली, आणि ती मोटर म्हणजे नको तितका अदबशीर नोकर: मालकाला त्रास नको म्हणून दारावर आलेला निरोपही आत पोचू देत नाही. शुक्रवारी समाधानने थोरलं बसवलेल्या गाडीची, थोरलीची, पहिली फेरी एकट्याने मारली होती, मग टोळीतल्या बाकीच्या दोघांनी. हातात काहीच आलं नव्हतं. मुकी गाडी. त्याला किती बरं वाटलं होतं! धाकटं वाचलं, असं तो गाडीतच मोठ्याने म्हणाला होता. कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायचं नसतंच. मनात दहापैकी पाच गुण ठरवून तो शनिवार-रविवार मजेत राहिला होता, क्रांतीला घेऊन छोले-भटुरे खाऊन आला होता. आणि आता पेल्याने विचारलं होतं: मुकं कोण होतं रे शुक्रवारी? गाडी, की तू?

राजोकरी मागे पडलं, गुरुग्रामचे काचेचे मनोरे धुक्यात कमरेपर्यंत बुडालेले. अशा वेळी बाबा आठवणार हे त्याला माहीत होतं. तो त्यांना सकाळपासून उंबऱ्याबाहेर ठेवत आला होता. बबन रामटेके, भंडाऱ्याकडच्या गावातून निघून दिल्लीत मंत्रालयात चिकटलेले, इस्त्रीच्या घडीचे, कुणापुढे मान न लववणारे. चौदा एप्रिलला ते घरातल्या सगळ्यांना घेऊन संसद मार्गावर जात. समाधान तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. दुपारचं ऊन, निळे झेंडे, गर्दी, कुणीतरी वाटलेलं सरबत. त्याने सहज खाली पाहिलं तर बाबांच्या एका पायात चप्पल नव्हती. ती मागे कुठेतरी गर्दीत गळून पडली होती, आणि बाबा वितळत्या डांबरावर उघडा पाय टाकत सरळ मानेने चालले होते. आधी त्याला वाटलं, केवढी ही निष्ठा! मग बाबा वळून त्याच्याशी काहीतरी हसून बोलले आणि त्याच्या लक्षात आलं की त्यांना ठाऊकच नाही. घरी आल्यावर तळपायाला हे एवढे फोड. "आईला बोलू नको," बाबा म्हणाले होते. साखरेचं दुखणं, नसा मेलेल्या. पुढे दोन बोटं गेली. त्याहीपेक्षा समाधानला सतावायचं ते रोज सकाळचं: बाबा आंघोळीला बसायच्या आधी ओरडायचे, "कमल, पाणी बघ गं जरा, गरम आहे का?" आणि आई हातातलं पीठ झटकत येऊन बादलीत हात घालायची. रोज. भाजी फोडणीला असली तरी, पाहुणे आले असले तरी. त्याला संताप यायचा. एवढा ताठ माणूस, आणि आंघोळीच्या पाण्याची परवानगी बायकोला विचारतो!

तेव्हापासून तो स्वतःच्या पायांवर पहारा ठेवत आला होता. झोपण्याआधी तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्या बघायच्या, मोज्याचा व्रण किती वेळ राहतो ते बघायचं. रोशनी हसायची, म्हणायची, इतकं माझ्याकडे बघितलं असतं तर. डोळ्यांत तेल घालून पायांकडे पाहत बसला आणि चोर हातांवाटे आत शिरला. की हा चोर वेगळाच होता? इतकी वर्षं थरथरतं स्टिअरिंग धरून हात झिजले असतील का? साबण झिजतो तसे? डॉक्टर सांगेल. रोशनीच्या कार्डावरच्या सरकारी डिस्पेन्सरीत जायचं, रक्त द्यायचं, टाचण्या टोचून घ्यायच्या. पण ते सगळं नंतर, आज आधी गुण. आणि या "आज आधी" मधला लबाडपणा त्याचा त्यालाच कळला.

कारखान्यात पोचल्यावर तो कुणाला न भेटता मागच्या शेडमध्ये गेला. तिथे आच्छादनाखाली त्यांची सगळ्यात पहिली गाडी ठेवलेली होती, एक नंबरची. धाकटं इंजिन, मदतीची मोटर नाही, काही नाही. नुसती दांडी, चाकं आणि माणूस. ती इतकी बोलकी होती की बोलघेवडी म्हणावी. आता हिशेब सोपा होता. हिला घेऊन खडीच्या पट्ट्यावर जायचं. ट्रॅकच्या टोकाला त्याने स्वतः मागे लागून तो पट्टा करून घेतला होता, डांबरात मुद्दाम कमी-जास्त खडी टाकून. गुळगुळीत, भरड, पुन्हा गुळगुळीत. हिच्यात बसून डोळे मिटले तरी त्याला पट्टा कुठे सुरू झाला ते सांगता येत असे. आज आलं तर हात शाबूत, आणि मुकी ती थोरलीच. नाही आलं तर... त्याने आच्छादन ओढलं, धूळ नाकात गेली, शिंका आल्या. बॅटरी लावायला आलेल्या वल्लरीने विचारलं, "सर, आज हिला? गुणांच्या दिवशी?" वल्लरी त्याच्याच हाताखाली तयार झालेली, बीडकडची, यूपीएससीच्या नादाने दिल्लीत येऊन दोनदा आपटी खाल्ल्यावर आपल्या मूळच्या शिक्षणाकडे वळलेली; बोलायची कमी, पण चालवताना तिचे ओठ हलत. "असंच," तो म्हणाला. "म्हातारीला जरा ऊन दाखवतो." बाहेर उन्हाचा पत्ता नव्हता.

इंजिन दुसऱ्या खेपेला सुरू झालं आणि त्याचा तो किंचित घोगरा, सकाळी उठून घसा साफ केल्यासारखा आवाज ऐकून त्याचे डोळे भरून आले. उगाच, काही कारण नसताना. पहिली फेरी नुसती चाकं गरम करायला. दुसऱ्या फेरीला तो पट्ट्याकडे निघाला. हातांची पकड सैल केली, खांदे सोडले, जबडा सोडला. नव्या मुलांना तो हेच शिकवत असे: ऐकायला जायचं नाही, येऊ द्यायचं. गुळगुळीत डांबर संपल्याचं कानांना कळलं. चाकांचा आवाज बदलला. माकडहाडाला कळलं. आणि हात स्टिअरिंगवर तसेच. डाव्या अंगठ्याशी काहीतरी कुजबुजल्यासारखं, बस्स. उजव्यात, जिथे पूर्वी एकेक खडा येऊन दार ठोठावून जायचा, तिथे आज सुट्टीच्या दिवशीच्या ऑफिसासारखी शांतता. त्याने वळून पुन्हा नेली. पुन्हा नेली. शेवटी गाडी मधोमध थांबवून तो उतरला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने तळवा सरळ त्या खडीवर ठेवून घासला. लाल पट्ट्याच्या जागी कातडं फाटलं. मग मात्र थोडं चुरचुरलं. तेवढ्यानेही त्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच दया आली.

आणि तिथेच, खडीवर बसल्या बसल्या, दुसरी गोष्ट ध्यानात आली. गेल्या वर्षीच्या सुधारणेत त्यानेच आग्रह धरून स्टिअरिंगच्या जोडणीतलं रबर बदलून कडक करून घेतलं होतं. गाडी अलीकडे पुटपुटते, स्पष्ट बोलत नाही, असं म्हणाला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. नंतर घेणाऱ्यांच्या तक्रारी आल्या, की लांबच्या प्रवासात हात झणझणतात, हिसके बसतात. तेव्हा त्याने भर बैठकीत "मग ड्रायव्हर ठेवा म्हणावं" असं म्हणून हशा मिळवला होता. गाडी पुटपुटत नव्हती. ऐकणारा बहिरा होत चालला होता, आणि बहिऱ्या म्हाताऱ्यासारखा सगळ्या जगाला मोठ्याने बोलायला लावत होता. पण मग त्या माना? टोळीतल्या साकेतची, वल्लरीची? त्यांचे हात तर धडधाकट होते. त्यांना तेव्हा काय आलं होतं हातात?

गुण देण्याची त्यांची एक रीत होती आणि तीही त्यानेच घालून दिलेली. गुण तोंडी द्यायचे, सगळ्यात नव्या माणसाने आधी आणि सगळ्यात जुन्याने शेवटी, म्हणजे मोठ्याच्या गुणांची सावली लहानावर पडू नये. आणि गुणांच्या आधी, चहाला, गाडीविषयी चकार शब्द काढायचा नाही. किती न्यायाची रीत! तिचा त्याला अभिमान होता. आता तो शेडच्या भिंतीला टेकून एकेक बैठक आठवू लागला आणि त्याला दिसू लागलं की रीत फक्त कागदी होती. चहाला तो गप्प असे, पण गाडीतून उतरताना दार कसं लावतो, पेला कसा ठेवतो, कुणाची थट्टा करतो, यावरून पोरं बरोबर ताडत. शेवटी गुण सुनावणाऱ्याच्या ओठांत जे असे तेच आधीच्यांच्या तोंडून येई, अर्ध्या गुणाच्या फरकाने, दिसायला बरं म्हणून. सगळे त्याच्याच हातांनी चालवत होते. आणि ते हात आता असे होते.

तो "पाच" म्हणू शकत होता. कुणाला कळणार होतं? पोरं साडेपाच म्हणाली असती, साडेचार म्हणाली असती, धाकटं वाचलं असतं, आणि धाकटं खरोखरच चांगलं होतं. त्याविषयी शंका नव्हती. पण शंका नव्हती ती कोणत्या वर्षाच्या हातांनी? थोरली खरंच मुकी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. धाकटं वाचावं हे हवं असणं आणि ते योग्य असणं, या दोहोंत आता त्याच्याजवळ कुठलाही सांधा उरला नव्हता. आणि वल्लरीला बाजूला घेऊन विचारावं, तुला काय आलं, तर ती म्हणाली असती, "सर, तुम्ही सांगा ना." नेहमी तसंच म्हणायची. तिला दुसरं काही म्हणायला त्याने कधी शिकवलं नव्हतं.

चहाला सगळे कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी जमले. श्रीपाद सर अजून आले नव्हते. साकेत, टोळीत सगळ्यात नवा, दिल्लीतच वाढलेला मुलगा, बिस्किट बुडवत कुठल्याशा लग्नातल्या डीजेची गोष्ट सांगत होता. समाधानने उजवा हात खिशातच ठेवला होता.  डाव्या हाताने पेला फिरवत तो म्हणाला, "थोरली मस्त आहे यार. मी तर आठ देणार." साकेतचं बिस्किट तुटून चहात पडलं. आठ वर्षांत समाधानने कधी चहाला गुण उच्चारले नव्हते, आणि धाकट्याच्या या सख्ख्या बापाने थोरल्याला आठ? "बिल्कुल सर," साकेत सावरून म्हणाला, "टॉर्क बाकी तगडा है. मी पण तेच, म्हणजे मलाही आवडली." वल्लरीने पेला खाली ठेवला. तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग खिशाकडे. समाधानने नजर काढून घेतली. आता परत फिरता येत नव्हतं. दोघांनीही त्याच्यामागून आठ म्हटलं तर आज त्याच्या एका खोट्याने धाकटं मरणार होतं, आणि ते खोटंच होतं असं सांगायला त्याच्याजवळ पुरावा म्हणून दोन लाकडी हात.

सगळे बैठकीच्या खोलीत जाऊन बसले तेव्हा श्रीपाद सर आले, मफलर काढून खुर्चीवर टाकला, नेहमीसारखे म्हणाले, "बोला. आकडा आधी, कीर्तन नंतर." खोली गरम होती, काचांवर वाफ धरली होती. साकेतने समाधानकडे ओझरतं पाहिलं. "आठ," तो म्हणाला.  किती सहज! थंडीच्या दिवसात कुणी शाल पुढे करावी इतक्या सहज त्या मुलाने आपले दोन धडधाकट हात त्याच्या स्वाधीन केले होते. आता वल्लरी. तिने समोरची पाण्याची बाटली सरळ केली. मग पुन्हा वाकडी केली. "वल्लरी?" सर म्हणाले. बोल गं, बोल, असं समाधान मनात इतक्या जोराने म्हणत होता की आपण ते मोठ्याने तर म्हणालो नाही ना अशी त्याला भीती वाटली. आणि त्याच क्षणी त्याला हेही कळलं की तिने आठ म्हणावं असंही त्याच्यातल्या कुणाला तरी वाटतंय. ती आठ म्हणाली तर अजून सगळं त्याच्याच हातात होतं.

"चार," वल्लरी म्हणाली.

साकेतने मान खाली घातली. सर पुढे झुकले. "का?" "हातात काही येत नाही सर," ती म्हणाली. "सरळ रस्त्यावर ठीक आहे. खडीवर नेली, काही नाही. वळणात पुढचं चाक सुटायला लागलं ते मला डोळ्यांनी कळलं, हातांनी नाही. इंजिन वाईट नाहीये. पण ते आणायचं म्हणून गाडी मुकी झालीय." ती थांबली, तिने एकदा समाधानकडे पाहिलं आणि मग जे आत साठलं होतं ते एकदम बाहेर आलं, "आणि आत्ताची, चालू गाडीसुद्धा, गेल्या वर्षी रबर बदलल्यापासून फार हिसके देते सर. लोक म्हणतात ते बरोबर आहे. माझेही हात दुखतात." "मग तेव्हा का नाही बोललीस?" हे समाधानने विचारलं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मऊ निघाला. ती खाली बघत म्हणाली, "तुम्ही नऊ देणार हे कळत होतं."

 थोरली मुकी होती. शुक्रवारी तिच्याविषयी त्याला जे वाटलं ते बरोबर होतं, आणि तरी ते त्याला कळलेलं नव्हतं. बंद पडलेल्या घड्याळानेही कधीतरी बरोबर वेळ दाखवावी तसं ते झालं होतं. धाकटं वाचल्याचा आनंद झाला, खरा झाला. आणि त्याच्या पाठोपाठ असं दुःख आलं की त्याला टेबलाची कड धरावीशी वाटली. "समाधान, तुझे?" सर म्हणाले. "चहाला आठ म्हणालास असं कॅन्टीनवाला सांगत होता. नियम मोडून." त्याने उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर उताणा ठेवला. भाजलेला पट्टा, त्यावर फाटलेलं कातडं, खडीची काळी धूळ. "माझे गुण धरू नका सर," तो म्हणाला. "आठ खोटे होते. पोरं माझ्यामागून म्हणतात की स्वतःचं, ते बघायचं होतं. सकाळी तापलेला पेला धरला, कळलं नाही. एक नंबरला खडीवर नेली, तीही कळली नाही. गेल्या वर्षीचं रबर माझ्यामुळे कडक झालं, ते परत मऊ करा." इतकं सरळ बोलायला इतकी वर्षं का लागावीत? तो बाबांचा विचार करत होता. भर उन्हात, एका पायाने, सरळ मानेने.

श्रीपाद सरांनी त्या हाताकडे पाहिलं. या वेळी त्यांनी तो मनगटाला धरून वर केला नाही. त्यांनी आपला तळवा त्यावर ठेवला, आणि त्याचं वजन समाधानला कळलं, ऊब कळली नाही. "थोरली थांबवा," सर वल्लरीकडे न बघता म्हणाले. "आधी तिला बोलती करा, नाही झाली तर धाकटंच. उद्यापासून शेवटचे गुण वल्लरीचे. साकेत, तू तुझे हात घेऊन ये उद्या." मग हळू आवाजात, "आणि तू उद्या येऊ नकोस. डॉक्टरकडे जा." "हो सर," समाधान म्हणाला. उद्या येऊ नकोस. वाक्य साधं होतं. त्याने ते मनात उलटसुलट करून पाहिलं. दुसऱ्या बाजूनेही ते तितकंच साधं होतं.

सर उठून गेले, त्यांच्यामागे साकेत. कॅन्टीनवाल्याने नवा चहा आणून ठेवला, स्टीलच्या पेल्यांतून, वाफा येणारा. वल्लरी जागची हलली नव्हती. तिचे डोळे भरले होते आणि माफी मागावी की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. समाधानने पेल्याकडे हात नेला. तो पेल्यापासून बोटभर अंतरावर थांबला. पीठ झटकत येणारी आई त्याला दिसली, आणि बादलीशेजारी पाटावर बसून वाट बघणारे बाबा, ताठच बसलेले. तेव्हाही ताठच होते, हे त्याला आत्ता दिसलं.

"वल्लरी," तो म्हणाला, "बघ गं जरा. गरम आहे का?"

तिने डोळे पुसले, पेल्याला तळवा लावला आणि लगेच उचलला नाही. तिचे ओठ हलले. "आहे," ती म्हणाली. "थोडं थांबा, सर."

तो थांबला.